वडापचं बिल सीएसआरमध्ये टाकायचं का

मार्च उजाडला की सीएसआरच्या, म्हणजे कंपनीनं कायद्यानं समाजाच्या कामाला खर्च करायच्या पैशांच्या, हिशोबासाठी सीएच्या ऑफिसातनं फोन येणार हे ठरलेलं. यावर्षी पण आला, ऐन दुपारी, डबा नुकता उघडलेला, आणि पलीकडनं नवीन आलेला आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएकडं शिकाऊ, पोरगा, मूळचा मुंबईचा, एकदम सिरीयस आवाजात विचारतोय, "सर, सीएसआरच्या लेजरला दर महिन्याला एक एंट्री आहे, वडाप, हे वडापाव लिहायचं होतं का?"

ठसका लागला मला. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे आमच्याकडची शेअर जीप. आता जीप राहिल्या नाहीत म्हणा, मॅक्स नाहीतर ट्रॅक्स नाहीतर ओमनी, पण नाव तेच. नऊ सीटच्या गाडीत तेरा माणसं, टपावर दुधाचे कॅन, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. एसटी चुकली की वडाप. निम्मा कोल्हापूर जिल्हा असाच शाळा-कॉलेज शिकलाय.

तर त्या पोराला मी सांगितलं की बाबा, आमच्या अख्ख्या सीएसआरमधली सगळ्यात कामाची एंट्री कुठली असेल तर तीच. तो म्हणाला, ओके सर, पण बिल नाहीये त्याला. बिल कुठनं असणार, वडापवाल्याकडं बिलबुक असतं होय.

म्हणलं लिहूनच टाकू एकदा सगळं.

मी शिरोली एमआयडीसीत एका कास्टिंग आणि मशिनिंगच्या कंपनीत एचआरला आहे. आमच्याकडं एचआर म्हणजे हजेरी, कँटीन, पीएफ, भांडणं, गणपतीची वर्गणी, आणि जे काम कुणाच्याच टेबलावर बसत नाही ते. सीएसआर तसंच आलं माझ्याकडं. ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात, कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासनं. नेटवर्थ ५०० कोटी, नाहीतर टर्नओव्हर १००० कोटी, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी, आधीच्या वर्षी यातलं एक जरी भरलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामाला खर्च करायची. कशावर करायची त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, शिक्षण, रोजगाराला उपयोगी पडणारी कौशल्यं, खेळाचं ट्रेनिंग, आपत्तीतली मदत वगैरे. पहिले दोन आकडे बघून आमचे एमडी निवांत होते, पण ५ कोटीच्या अटीत घावले. "नफा कमावला त्याचा दंड भरायचा" हे त्यांचे तेव्हाचे शब्द. आता असं बोलत नाहीत. म्हणजे फार काही हृदयपरिवर्तन झालंय असं नाही, सवय झालीय.

पहिल्या वर्षी सोपं गेलं कारण २०२१ चा महापूर होता. पंचगंगा हायवेवर, आमची निम्मी माणसं घरात अडकलेली, तेव्हा कुणी यादी बघत बसलं नाही, चादरी, धान्य, औषधं, जे मिळेल ते टेम्पोत भरलं आणि दिलं. ते बरोबरच होतं. पण थोडे पैसे उरले, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एमडींनी विचारलं, "किती राहिलेत?" मी आकडा सांगितला. "संपवा."

या "संपवा"नं महाराष्ट्रात किती दप्तरं वाटली गेली असतील देव जाणे. आम्ही पण वाटली. चारशे दप्तरं, त्यावर कंपनीचा लोगो दप्तराच्या निम्म्या आकाराचा, स्टेजवर फ्लेक्स, फ्लेक्सवर एमडी, सरपंच, मुख्याध्यापक आणि कोपऱ्यात उगाचच एक माजी सदस्य. पोरं उन्हात दीड तास बसलेली. एका पोराच्या पाठीवर आधीच चांगलं कोरं दप्तर होतं, दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं, जानेवारीत मिळालेलं. त्यानं जुनं पाठीला, नवं पोटाला असं लावलं आणि घरी गेला, दोन्हीकडनं प्रायोजित. तो फोटो मी काढला होता पण रिपोर्टात टाकला नाही.

दुसऱ्या वर्षी म्हणलं यंदा काहीतरी टिकाऊ करू. कौशल्य, आत्मविश्वास, तरुण पिढी, असले शब्द तेव्हा सगळ्या मीटिंगात चाललेले. एमआयडीसीतल्या कुठल्याही मालकाला विचारा, रडगाणं एकच, लोकल पोरं टिकत नाहीत, फर्नेसवर सगळी बिहार-युपी-ओडिशाची माणसं, आपली पोरं इंटरव्ह्यूला आली तर मान वर करून नाव सांगत नाहीत. यात तथ्य आहेच. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो. डिप्लोमा झालेला पोरगा, मार्क चांगले, पण समोर बसला की टेबलाशी बोलतो. मी तरी वेगळा होतो असं नाही, माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मला "टेल मी अबाऊट युवरसेल्फ" म्हणले आणि मी बायोडाटा परत त्यांच्याकडं सरकवला, त्यात लिहिलंय की सगळं.

तर आम्ही व्यक्तिमत्त्व विकासाचा एक दिवसाचा कार्यक्रम ठेवला. हायवेपासनं आत, वाड्या-वस्त्यांची पोरं येतात असं एक हायस्कूल, नाव सांगत नाही, नववी ते बारावी मिळून दोनशे पोरं हॉलमध्ये. ट्रेनर मॅडम पुण्याहून आणलेल्या, फी चांगली तगडी, शिवाय राहायचं-खायचं. पहिली स्लाईड इंग्लिशमध्ये, 'बिलिव्ह इन युवरसेल्फ', मागं उगवता सूर्य. मॅडम वाईट नव्हत्या हं, तयारी करून आलेल्या, आवाज छान, पोरांना हसवत पण होत्या. मग म्हणाल्या, आता कोण पुढं येऊन स्वतःबद्दल बोलणार? कोण उठणार! पाच मिनिटं शांतता. शेवटी मागच्या ओळीतनं एक पोरगी उठली, अकरावीची, दोन वेण्या, आणि माइक घेऊन म्हणाली, "मी वाडीवरनं येतो. सकाळी साडेपाचला उठतो, म्हशीचं आवरतो आणि मग..."

मॅडमनी थांबवलं. प्रेमानंच थांबवलं. "येतो नाही बेटा, येते. तू मुलगी आहेस ना?"

हॉल फुटला हसून.

आता ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांना यात काय झालं ते कळणार नाही. आमच्याकडं बायका-पोरी सर्रास 'मी येतो, मी जातो, मी आलो' असंच बोलतात. माझी आई सत्तरीची, आजही देवळात निघताना "मी जाऊन येतो" म्हणते आणि तिला बाई असल्याबद्दल आजवर कुणी शंका घेतलेली नाही. ती आमची बोली आहे, चूक नाही. आणि गंमत म्हणजे जी पोरं हसली त्यांच्या घरात पण सगळ्या बाया तसंच बोलतात, पण पुण्याच्या मॅडमनी माइकवर सांगितल्यावर ते एकदम चुकीचं झालं. पोरगीनं माइक टेबलावर ठेवला, जाग्यावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिनं मान वर केली नाही. आत्मविश्वास वाढवायचा कार्यक्रम, आणि दोनशेतली जी एकटी उठली होती तिला आम्ही पैसे देऊन बसवलं.

शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतले, सगळ्यांनी 'उत्कृष्ट'वर टिक केली. त्या पोरीनं पण. रिपोर्टात आलं, लाभार्थी २००, समाधान शंभर टक्के.

मला त्या दिवशी रात्री नीट जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनला हे सगळं मी आमच्या मामांना सांगितलं. मामा म्हणजे आमच्या क्वालिटीचे इन्स्पेक्टर, अख्खी कंपनी त्यांना मामाच म्हणते, एमडीसुद्धा. शिक्षण आयटीआय, तेही अर्धवट, उमेदवारी उद्यमनगरातल्या लेथवर, पण डोळ्यांनी बघून सांगतात बोअर, म्हणजे पाडलेलं भोक, किती जादा गेलंय ते. ऐकून घेतलं, भात संपवला आणि म्हणाले, "बोलायला कशाला लावतासा आधी? हातात काय तर द्या. हातात आलं की त्वांड आपसूक उघडतंय."

मी म्हणलं मामा, तुम्हीच या की. आणि ते आले, हो. मी गंमतीनं म्हणलेलं.

पुढच्या जूनपासनं दर शनिवारी. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते, मग बारा ते दोन. एमडींना सांगून मामांना शनिवारी अकरालाच सोडायचं ठरवलं. पहिल्या शनिवारी मामांनी पिशवीतनं आठ व्हर्नियर काढले, बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं हत्यार असतं ते. कॅलिब्रेशनमध्ये बाद झालेले, स्टोअरला धूळ खात पडलेले, प्रॉडक्शनला चालत नाहीत पण शिकायला काय हरकत आहे. दोनशे पोरं नाहीत, बावीस. ज्यांना यायचं ते या, म्हणून सांगितलं होतं. ती दोन वेण्यावाली येईल असं मला वाटलं नव्हतं, पण मैत्रिणीनं ओढून आणली होती, बसली भिंतीला टेकून.

व्हर्नियर पुस्तकात सगळ्यांना येतो. लीस्ट काऊंटचं, म्हणजे किती बारीक माप घेता येतं त्याचं, सूत्र पोरांनी पोपटासारखं म्हणून दाखवलं. हातात घेतला तर निम्म्यांनी उलटा धरला. मामांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले वरची पट्टी एक-एक मिलिमीटरची, खालच्या सरकत्या पट्टीवर पन्नास घरं, पण ती पन्नास घरं बसवलीत एकोणपन्नास मिलिमीटरात, म्हणजे खालचं घर वरच्यापेक्षा किती बारकं? पोरं गप्प. मग एकानं बोटांवर आकडेमोड करून सांगितलं, ०.०२. बस्स, म्हणाले, एवढंच आहे, जी रेघ वरच्या रेघेला तंतोतंत भिडली ती मोजा.

काय मोजायचं? मामांनी आणलेले जॉब, म्हणजे मशिनवर केलेले लोखंडी तुकडे, होते दोन-चार, पण पोरींना त्यात रस नव्हता. मग मामा म्हणाले बांगड्या काढा. आतले जबडे बांगडीत उघडायचे आणि वाचायचं. एकीची दोन-चारची बांगडी, काचेची, हिरवी. तिनं वाचलं, ५७.१४. दुसरीनं तीच बांगडी घेतली, ५७.४०. पहिली म्हणाली तुझं चुकलं, दुसरी म्हणाली तुझं. मामांनी घेतली, मोजली, म्हणाले ५७.१४ बरोबर.

आणि भिंतीकडनं आवाज आला, "नाही मामा. ती दुसरीकडनं धरली होती."

दोन वेण्यावाली. उठली, बांगडी घेतली, मोजली. मग बांगडी चतकोर फिरवली आणि परत मोजली. "हितं ५७.१४ येतंय आणि हितं ५७.४०. दोघीपण बरोबर हायत. बांगडीच गोल नाही."

मामांनी चष्मा वर केला. हॉलमध्ये एकदम शांत. मग म्हणाले, "याला ओव्हॅलिटी म्हणत्यात. आमच्याकडं नवीन इन्स्पेक्टरला हे कळायला सहा म्हयनं जात्यात." आणि एवढं बोलून तिच्या हातात तो व्हर्नियर तसाच राहू दिला, परत मागितला नाही.

पुढं घरी जाऊन कुणीतरी हिशोबही करून आणला, की कासाराकडं दोन-चार म्हणतात म्हणजे दोन इंच आणि वर एका इंचाचे सोळा भाग करून त्यातले चार, म्हणजे सव्वादोन इंच, गुणिले २५.४, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली त्यात काय, ते तर बांगडीवालीला पण माहीत असतं.

वडाप कुठनं आलं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी पोरी कमी व्हायला लागल्या, बावीसच्या चौदा, चौदाच्या नऊ. मला वाटलं कंटाळल्या. मामांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. विचारायचं कुणाला सुचलं नाही, शेवटी शाळेच्या शिपाईमावशींनी सांगितलं, साहेब, वाडीची एसटी पावणेबाराला जाते, त्यानंतर थेट पाचला, दोन ते पाच पोरींनी स्टँडवर बसायचं होय, घरची लोकं पाठवत नाहीत. एवढंच कारण. आम्ही आत्मविश्वास, मोटिव्हेशन, करिअर काय काय बोलत होतो आणि गाडी अडली होती एसटीच्या टाइमटेबलावर.

मग एक वडापवाला ठरवला, दर शनिवारी सव्वादोनला शाळेच्या गेटवर, वाडीपर्यंत, पोरींना पुढच्या सीट, वाटेत दुसरं पॅसेंजर घ्यायचं नाही. पुढच्या शनिवारी परत वीस जण हजर.

शाहू महाराजांचं नाव आमच्याकडं उठता-बसता घेतात, मी पण घेतोय, पण ही गोष्ट मला तेव्हा कुठं नीट कळली. १९०१ ला महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मग एकामागनं एक जातीजमातीची बोर्डिंगं निघाली, दसरा चौकात गेलं की आजही दिसतात. शाळा तर आधीच्याही होत्या. पण खेड्यातनं आलेल्या पोरानं रात्री झोपायचं कुठं आणि खायचं काय, हा प्रश्न महाराजांनी धरला. आणि गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल. दलित माणसाला भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं, आजच्या भाषेत उद्योजकता विकास, पण लोकांनी बहिष्कार टाकला असता तर ते महिन्यात बंद पडलं असतं. महाराज काय करायचे, तर गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्यायचे, सगळ्यांदेखत, बरोबरच्यांना पण पाजायचे. पैसे काय, दरबारातल्या कुणाकडनंही पाठवता आले असते.

किंवा खाशाबा जाधव घ्या. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. मेडल आलं त्यानंतर, ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसला ब्राँझ घेऊन आला तेव्हा कोल्हापुरात फ्लेक्स लावायला खांब कमी पडले होते. लावावेतच, आनंदाची गोष्ट आहे. पण मेडलनंतर पैसे द्यायला अक्कल लागत नाही.

असो, सीएसआरकडं येतो. सीएंनी मला एक गोष्ट सांगितली आणि मी चाटच पडलो. मामांचे शनिवारचे तीन-चार तास कंपनी पगारी देते, तर म्हणलं तेवढा पगार सीएसआरमध्ये दाखवू. ते म्हणाले नाही, कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैसे लावून तो खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, मंत्रालयाचा तसा खुलासाच आहे. म्हणजे बघा, पुण्याच्या मॅडमची फी धरता येते, चहा-बिस्किटं धरता येतात, तो उगवत्या सूर्याचा प्रोजेक्टर धरता येतो, आणि या सगळ्यात ज्या एका गोष्टीनं काम झालं, मामांचा शनिवार, त्याची किंमत कागदावर शून्य. मला राग आला होता, पण नंतर वाटलं बरंच आहे. धरता आली असती तर उद्या प्रत्येक कंपनीनं आपल्या सगळ्या मॅनेजरांचे तास लावून २ टक्के कागदावरच संपवले असते. मीच संपवले असते.

पण त्याच सीएंनी दुसरी एक गोष्ट सांगितली जी मला पहिल्याच वर्षी कळायला पाहिजे होती. मार्चअखेर "संपवा" करायची गरजच नाही. काम एका वर्षाच्या वर चालणारं असेल तर बोर्डानं त्याला ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मंजुरी द्यायची, वर्षाअखेर उरलेले पैसे ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन वर्षांत वापरायचे. आणि आमच्यासारखी छोटी रक्कम, ५० लाखांच्या आतली, असली आणि त्या वेगळ्या खात्यात काही पडून नसलं, तर वेगळी सीएसआर कमिटी पण लागत नाही, बोर्डच ते काम करतं. म्हणजे कायद्यात दम धरायची सोय आहे. घाई आपलीच, कारण दप्तर वाटपाचा फोटो एका दिवसात निघतो आणि ओव्हॅलिटीचा निघत नाही.

एमडींचं म्हणाल तर त्यांना पहिल्या वर्षानंतर नवीन कल्पना सुचली, की हीच पोरं तयार करून आपल्याकडंच ऑपरेटर म्हणून घेऊ. मी म्हणलं साहेब, स्वतःच्या धंद्यासाठी माणसं तयार केली तर ते सीएसआर धरत नाहीत, अप्रेंटिस घ्यायचे तर अप्रेंटिस कायद्यात घ्या, तसेही ३० किंवा जास्त माणसं असली की निदान अडीच टक्के घ्यावेच लागतात. जरा फुगले, पण मान्य केलं. मुळात ती पोरं मोकळी पाहिजेत, कुणाला नर्सिंगला जायचंय, कुणाला पोलीस भरती, एकाला फक्त फुटबॉल खेळायचाय. हो, सीझन सुरू झाला की आमची निम्मी पोरं शाहू स्टेडियमला, मॅच असली की शनिवार गेला म्हणायचा. मामांनी पहिल्या वर्षी आरडाओरडा केला, दुसऱ्या वर्षी ते स्वतःच वेळापत्रक बघून सुट्टी जाहीर करायला लागले.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. एका हुशार पोरीचं बारावीच्या आधीच लग्न लावून दिलं, आम्हाला पत्रिकाच आली. दोन पोरं एका शनिवारनंतर आलीच नाहीत आणि दोन व्हर्नियर पण आले नाहीत. मामा म्हणाले जाऊ दे, घरी काहीतरी मोजत असतील.

दुसऱ्या वर्षी मामांनी फोनचा खेळ काढला. खेळ साधा, प्रत्येकानं स्पीकरवर एका खऱ्या दुकानाला फोन करायचा आणि एका वस्तूचा भाव विचारायचा. ऐकायला काही नाही, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना अनोळखी माणसाला फोन करायला काय घाम फुटतो ते बघा एकदा, मोबाईलवर दिवसभर असतात पण बोलायचं म्हणलं की हात थरथरतो. दोन वेण्यावालीनं (आता एकच वेणी घालते, पण नाव तेच पडलं) उद्यमनगरातल्या एका टूल्सच्या दुकानाला लावला.

"हॅलो, आठ एमएमचा एचएसएस ड्रिल केवढ्याला आहे?"

पलीकडनं, "बाळ, पप्पांना दे फोन."

सगळे तिच्याकडं बघतायत. मी पण. ती दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, "पप्पा शेतात हायत. मलाच पाहिजे. स्ट्रेट शँकचा सांगा, टेपर नको."

मग दुकानदार सरळ झाला, भाव सांगितला, कंपनी कुठली पाहिजे विचारलं. तिनं दोन कंपन्यांचे भाव घेतले, "बरं, मी दुपारी येऊन बघतो" म्हणाली आणि फोन ठेवला. येतो नाही येते, असं कुणी म्हणलं नाही. हसलं पण नाही कुणी. मामांनी फक्त विचारलं, "खरंच जाणार हायस?" तर ती म्हणे, "मग, उगंच कशाला इचारायचं?" ड्रिल तिला कशाला पाहिजे होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ती आता कळंबा रोडच्या आयटीआयला आहे. शनिवारी जमेल तशी येते, बारक्यांना व्हर्नियर धरायला शिकवते, मामांपेक्षा जास्त ओरडते.

रिपोर्टात यातलं काय लिहायचं हा माझा दरवर्षीचा प्रश्न. रकाना असतो 'लाभार्थी संख्या', तिथं आधी २०० लिहायचो आता २६ लिहितो. एमडींनी पहिल्यांदा विचारलं, एवढे कमी कसे? मी म्हणलं एका शनिवारी या. आले एकदा, दहा मिनिटं म्हणून आले आणि दीड तास बसले, एका पोरानं त्यांच्या अंगठीचं माप काढून दिलं, ती पण गोल नव्हती. तेव्हापासनं आकड्याबद्दल विचारत नाहीत. फ्लेक्सची अजून आठवण काढतात अधूनमधून, तेवढं चालायचंच.

आता त्या मुंबईच्या पोराला मी व्हाउचर करून दिलंय, 'विद्यार्थी वाहतूक खर्च', खाली वडापवाल्याची सही, गाडीचा नंबर, तारखा सगळ्या. त्यानं ओके म्हणलंय.

नवीन भानगड वेगळीच आहे. मामा जूनमध्ये रिटायर होतायत. मी घाबरत घाबरत विचारलं की शनिवारचं कसं, तर म्हणाले शनिवारचं काय, येणार की, घरात बसून काय करू. पण आजवर ते कंपनीच्या बसनं शिरोलीपर्यंत यायचे आणि तिथनं माझ्या गाडीवर, आता रिटायर झाल्यावर कंपनीची बस बंद, गुडघे दुखतात त्यामुळं स्वतःची गाडी चालवत नाहीत. म्हणून वडापवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय, जूनपासनं जाताना मामांना हायवेला उचलायचं, पुढची खिडकीकडची सीट त्यांची. त्या सीटचे पैसे कशात टाकायचे ते तेवढं सीएंना विचारायचं राहिलंय.